आखूड बोटाचा हात

प्रिय चिगुसा,

तुझं पत्र मला परवा मिळालं. आधी ते जुन्या खोलीवर गेलं, तिथून बंदरावरच्या भाताच्या खानावळीत, आणि खानावळवाल्या बाईंनी पाकिटावर लाल पेनाने 'हा पोरगा आता बेटावर संत्री भरतो' असं लिहून पुढे धाडलं. पोस्टमन ते वाचून हसत हसत आला. तेव्हा उशीर माझा नाही, माझ्या पायांचा आहे. सध्या मी बंदराच्या वर टेकडीवर एका पत्र्याच्या शेडमध्ये मिकान निवडतो. एक यंत्र संत्री आकाराप्रमाणे वेगळी करतं आणि यंत्राला न कळलेली डागी फळं आम्ही हाताने काढतो. माझ्या शेजारी मोरिकावा आजी बसतात. वय ब्याऐंशी, डोळ्यांनी फारसं दिसत नाही, पण फळ हातात घेतल्यावर आतून सडलेलं आहे की नाही ते सांगतात. हे मी उगाच लिहीत नाहीये, किंवा कदाचित उगाचच लिहितोय. तुला माझी सवय माहीत आहे, बाजाराला निघालो की देवळात पोचतो.

तू लिहिलंयस की शर्यत होईपर्यंत तुमच्या वसतिगृहात फोन काढून घेतात, म्हणून पत्र. तू लिहिलंयस की येत्या एकिदेनमध्ये, त्या टप्प्याटप्प्याने पळायच्या रस्त्यावरच्या शर्यतीत, तिसरा टप्पा तुझा आहे, दहा किलोमीटर, कंपनीच्या संघात तीन वर्षं पाणी देऊन आणि कपडे वाळत घालून शेवटी मिळालेला. डाव्या नडगीला दुखतं पण ते 'नेहमीचंच' आहे. आणि मी आदल्या दिवशी येऊन माझ्या हाताने पट्टी लावून द्यावी. कारण, हे तुझेच शब्द, 'बाबांचा हात परत आलाय, रिन. घोट्याच्या चार बोटं वर. पट्टी नसतानाही. ते माझ्याबरोबर पळतायत.' एवढा मजकूर मी इतक्यांदा वाचलाय की त्या घडीवर कागद मऊ पडलाय. मी उत्तर देणार आहे. फक्त मला माझ्या क्रमाने देऊ दे.

मी पहिल्यांदा तुमच्या दवाखान्यात आलो ते सायकलवरून पडून, आठवतं? एकोणीस वर्षांचा होतो, शाळा अर्ध्यात सोडलेली, तीन प्रांत सायकलने ओलांडून तुमच्याच गल्लीच्या वळणावर गटारात. तू दार उघडलंस आणि आत ओरडून सांगितलंस, "बाबा, एक भिजलेलं मांजर आलंय, खांदा मोडलेलं." तुझ्या बाबांनी, म्हणजे मास्तरांनी, मला बाकावर बसवलं, डोळे मिटले आणि उजव्या हाताचा अंगठा माझ्या गळपट्टीच्या हाडावरून सरकवत नेला. हात चांगला गरम होता. चार बोटं पाठीवर टेकलेली, त्यातलं करंगळीशेजारचं अर्धं, दोरखंडाच्या कारखान्यात गेलेलं. ते अर्धं बोट पाठीवर वेगळं कळायचं, खुर्चीचा एक पाय आखूड असल्यासारखं. अंगठा सरकत सरकत एका जागी थांबला. "इथे," म्हणाले. नंतर इस्पितळातल्या फोटोत तडा बरोबर तिथेच निघाला. मी बरा झालो आणि गेलोच नाही. मास्तर म्हणाले, "राहायचं तर रहा, पण फुकट नाही, कात्री धर."

मग तीन वर्षं कात्री. कातडीवर चिकटवायच्या ताणाच्या पट्टीचे कोपरे गोल कापायचे, नाहीतर मोज्यात अडकून उचकटतात. कागद सोलायचा, दोन्ही टोकं अजिबात न ताणता चिकटवायची, मधला भाग तेवढा ताणायचा, आणि वरून तळहाताने घासायचं, ऊब लागली की डिंक धरतो. तू शाळेच्या संघातून पळून यायचीस आणि बाकावर पाय टाकून म्हणायचीस, "आज मला रिन लावेल, बाबांच्या हाताला माशाचा वास येतो." मास्तर म्हणायचे, "कोळी पेशंटांच्या माशाच्या पैशावरच तुझे बूट येतात." मी खाली मान घालून तुझ्या पोटरीवर निळी पट्टी लावायचो आणि माझे हात थरथरायचे. त्याबद्दल मला पुढे काही सांगायचंय.

मास्तर गेले त्या मार्चनंतर दवाखान्याला कुलूप लागलं, तू पूर्वेला कंपनीच्या संघात गेलीस, आणि मी पुन्हा सायकलवर बसलो. मधली सगळी कामं सांगत बसत नाही, त्यातलं एक तेवढं सांगायला हवं. एका विद्यापीठात निशिओका मॅडम म्हणून एक संशोधक होत्या. ताणाच्या पट्टीने खेळाडूच्या स्नायूंची ताकद खरंच वाढते का, हे त्यांना मोजायचं होतं. प्रत्येक वेळी एकसारखी पट्टी लावणारा माणूस त्यांना हवा होता, आणि तेवढंच एक काम मला येतं. तीस खेळाडू. प्रत्येक जण तीनदा यायचा. एकदा पट्टी नीट ताणून, एकदा न ताणता नुसती चिकटवून, एकदा पट्टीच नाही, तेव्हा मी नुसतं घासल्यासारखं करायचो. डोळ्यांवर पट्टा, कानात आवाज, म्हणजे कुणाला काही कळू नये. मग उडी, मग गुडघ्याने यंत्राचा दांडा ढकलायचा, मग लांब हॉलमध्ये दोरीच्या आधाराने तीस मीटर धाव. कोणाला कोणती पट्टी, हे फक्त मला ठाऊक.

वर्षाअखेरीस निकाल आला. काहीच नाही. ताणलेली, न ताणलेली, नसलेली, तिन्ही आकडे भावंडांसारखे एकमेकांशेजारी बसले होते. माझा चेहरा बघून मॅडम म्हणाल्या, "अहो, सुतक आल्यासारखे काय बसलात? 'काही नाही' हाही निकालच असतो." मला मात्र मास्तरांचे चाळीस वर्षांचे पेशंट डोळ्यांसमोर आले, सोसायटीच्या मीटिंगला बसल्यासारखे रांगेत, प्रत्येकाच्या गुडघ्यावर निळी पट्टी.

पण चाचणीनंतर एक कागद भरून घ्यायचा असायचा, त्यात शेवटी 'आणखी काही सांगायचंय?' अशी ओळ. लिहून घ्यायचं काम माझं. दुसऱ्याच आठवड्यात एक अडथळ्यांच्या शर्यतीतली मुलगी डोळ्यांवरचा पट्टा काढून म्हणाली, "मी धावत असताना तुम्ही हात का नाही काढलात? पडले असते की मी." मी हॉलच्या दुसऱ्या टोकाला खिडकीत बसून भाताचा गोळा खात होतो. मी म्हटलं, कुठला हात? ती म्हणाली, "पायाच्या चवड्यावर. गरम होता. आणि एक बोट लहान आहे ना तुमचं?" मी दोन्ही हात तिच्यापुढे धरले. तिने बोटं मोजली, पुन्हा मोजली, आणि बूट घालून निघून गेली. पट्टी मी तिच्या मांडीवर लावली होती, चवड्यावर नाही.

तीसपैकी सहा जणांना हे झालं, चिगुसा. एकमेकांना न ओळखणारे. एक ज्युदोवाला दांडगा मुलगा होता, तो तर माझ्यावर चिडला, "दादा, मनगट सोडायचं असतं, मी दांडा गुडघ्याने ढकलतोय." कुणाच्या पट्टीला ताण होता, कुणाच्या नव्हता, एकाला तर पट्टीच नव्हती. हात मात्र तोच, आणि ते अर्धं बोट. मास्तरांबद्दल मी तिथे कुणाशी अवाक्षर बोललो नव्हतो. मॅडमना सांगितलं तर त्या शांतपणे म्हणाल्या, "कातडी ओढली जाते, तेव्हा मेंदू काहीतरी चित्र काढतो. लिहून ठेवा. ही ओळ लेखात जात नाही." मी लिहून ठेवलं. सहा कागद, सहा जागा.

मला भीती वाटायला हवी होती. मला आनंद झाला. मास्तर खोटे नव्हते, आकड्यांत नसतील पण आहेत, धावणाऱ्यांच्या पायाशी आहेत, असं मला वाटलं. त्याच आनंदात मी तुला ते लांबलचक पत्र लिहिलं, जे तू म्हणतेस शर्यतीच्या पिशवीत ठेवतेस. ते फाडून टाक. त्यात मी लिहिलं होतं की मास्तर ज्यांना धरतात ते भाग्यवान. आपण सगळे असेच वाढलो ना, देवळातून ताईत आणायचा, बुटाच्या नाडीला बांधायचा, आणि काहीही गरम लागलं की आशीर्वाद समजायचा.

त्यानंतर मी एका गिरणीच्या महिला संघाकडे पट्ट्या लावायला लागलो. तिथे सावाको म्हणून मुलगी होती, तुझ्याएवढीच, बडबडी, सरावाआधी तीन केळी खाणारी. ऑक्टोबरात एकदा मला म्हणाली, "रिन-सान, तुमच्या पट्टीत जादू आहे. कोणीतरी जांघेला धरून असतं माझ्या." मी विचारलं, एक बोट आखूड आहे का? तिचे डोळे मोठे झाले. मी तिला मास्तरांची गोष्ट सांगितली. ती इतकी खूश झाली की रोज माझ्याकडे यायची, डॉक्टरकडे जायचं सोडून. दुखायचं तिला. म्हणायची, "दुखतं तेव्हाच तो जास्त घट्ट धरतो." मी अभिमानाने मान डोलवायचो. हे लिहिताना पेन खाली ठेवावंसं वाटतंय, पण ठेवत नाही.

नोव्हेंबरची शर्यत. तिचा टप्पा पाचवा. मी सहाव्या टप्प्याच्या रेषेवर टॉवेल घेऊन उभा होतो. वळणावर ती दिसली तेव्हा सगळे आधी ओरडले आणि मग गप्प झाले. ती एका पायाने येत होती, रस्त्याकडेचा लोखंडी कठडा धरून, लंगडी घातल्यासारखी, आणि खांद्यावरून घेतलेली तासुकी दातात धरलेली. ती कापडी फीत पुढच्या मुलीच्या हातात पडली नाही तर सकाळपासून पळालेल्या सगळ्यांची मेहनत तिथेच तुटते, हे तुला मी काय सांगणार. रस्त्यावरच्या लोकांनी नंतर सांगितलं, वाळकं बांबूचं कांडं मोडावं तसा आवाज आला होता, आणि त्यानंतर ती चारशे मीटर आली. कोणीही तिला थांबवलं नाही. हात लावला तर संघ बाद होतो. तिने तासुकी दिली आणि माझ्या टॉवेलवर पडली. कोच रडत होते, अभिमानाने. ती मात्र माझी बाही धरून, ओठ पांढरे, मला एवढंच म्हणाली, "रिन-सान, तो पुढे ढकलत नव्हता हो. सुरुवातीपासून मागे ओढत होता. मीच ऐकलं नाही."

तिचं मांडीचं हाड जांघेपाशी मोडलं होतं. डॉक्टर म्हणाले, बारीक तडा दोन महिन्यांपासून असणार.

मी नोकरी सोडली. तू विचारलंयस का सोडली, आणि मी उत्तर टाळलंय, हे ते उत्तर. मग मी त्या सहा जणांच्या मागे लागलो. मॅडमनी कागद दिले नाहीत, बरोबरच केलं, पण नावं माझ्या लक्षात होती. अडथळ्यांची मुलगी भेटली, अजून किंचित लंगडणारी. चवड्याचं दुसरं हाड, चाचणीनंतर तीन आठवड्यांनी. ज्युदोवाल्याने दारातच मनगट दाखवलं, आत धातूची पट्टी. "तुम्हीच ना ते, न सोडणारे?" म्हणाला, आणि मला आत बोलावलं नाही. सहाच्या सहा, चिगुसा. जिथे हात, तिथेच मोडलेलं. बाकीच्यांपैकी ज्यांना गाठू शकलो ते सगळे ठणठणीत, हसून विचारायचे, हात कसला? स्नायूंना पट्टीने काही होत नाही, मॅडमचा निकाल खराच होता. हाडांबद्दल कोणी विचारलंच नव्हतं.

इकडे बेटावर येताना बोटीत मला ते कळलं. इतकी वर्षं त्या बाकाशेजारी उभं राहून मी बघितलं होतं आणि तरी कळलं नव्हतं. मास्तरांनी आयुष्यात कधी कुणाला पळवलं का? त्यांचा हात हाडावरून सरकायचा आणि थांबायचा. थांबला की ते तोंडाने सांगायचे, इथे तडा आहे, पळायचं नाही, घरी बस. पेशंट शिव्या देत घरी जायचे. आता त्यांना हात आहे, तोंड नाही. ते तडा शोधतात, धरून ठेवतात, आणखी घट्ट धरतात, आणि आपण म्हणतो, वा, मास्तर आले, आणि जोरात पळतो.

परवा तुझं पत्र वाचल्यावर शेडमध्ये मी माझ्या स्वतःच्या, पूर्वी मोडलेल्या गळपट्टीच्या हाडावर पट्टी लावून बघितली. बराच वेळ बसलो. काही आलं नाही. तिथे आता शोधण्यासारखं काही उरलं नाही म्हणा, त्यांनीच बसवलेलं हाड आहे. तरी मला वाईट वाटलं, तुला धरतात आणि मला नाही म्हणून. मोरिकावा आजी म्हणाल्या, "खांदा धरून काय बसलायस, कुणी येणार आहे का?" मी नाही म्हटलं. मग त्यांना तुझं पत्र दाखवलं. दिसत नाही म्हणून मीच वाचलं. जिना उतरताना कठडा धरावा लागतो, ही तू मध्येच पेरलेली ओळ आली तेव्हा आजींच्या हातातलं फळ थांबलं. "ती पोरगी उलटा जिना उतरत असेल," म्हणाल्या. "मीही उतरायचे. पाय दुखतोय हे घरच्यांना कळू नये म्हणून." पुढचं वाक्य मी वाचलं नाही. तू लिहिलं होतंस, 'हल्ली मी उलटी उतरते, मुली हसतात.'

आता पट्टीचं. शाळेच्या शेवटच्या शर्यतीत तू सगळ्यांत चांगली पळालीस आणि श्रेय माझ्या पट्टीला दिलंस. त्या दिवशी माझे हात इतके थरथरत होते की मला ती ताणताच आली नाही. नुसती चिकटवली होती, रंगीत कागदासारखी. पळालीस ती तू. माझ्या पट्टीचा किंवा कुणाच्या हाताचा त्यात काही वाटा नव्हता. हे तेव्हाच सांगायला हवं होतं, पण तू माझ्याकडे बघून हसलीस आणि मी ते हसणं खिशात घालून निघून आलो. थरथरत का होते, ते तुला कळलं असेल किंवा नसेल, मी लिहीत नाही.

मी येणार नाहीये. पत्र लिहायचं खरं कारण यापुढे आहे, आणि इतकी पानं मी ते टाळण्यासाठीच भरली. परवा तुझं पत्र आलं त्याच दुपारी मी बंदरावरच्या टपालघरातून तुझ्या कोचना, काइझुकांना, फोन केला. त्यांनी विचारलं, "आपण कोण?" मी म्हटलं, तिच्या वडिलांच्या दवाखान्यातला. हाताबद्दल एक शब्द काढला नाही. तुझं पत्र मात्र वाचून दाखवलं, जिन्याच्या ओळीपासून, तू फक्त मला लिहिलेलं.  मग ते म्हणाले, "गुरुवारी नेतो. पण यादी त्याआधी द्यायचीय, तिथे दुसरं नाव टाकावं लागेल." साध्या फोटोत बारीक तडा दिसत नाही, मोठ्या यंत्रात घाला, हेही मी सांगितलं. हे पत्र मुद्दाम आजच्या बोटीने टाकतोय, म्हणजे ते तुला शुक्रवारी मिळेल आणि आधी जाऊन 'मला काही झालं नाही' म्हणून हसून दाखवायला तुला वेळ उरणार नाही. तू हे वाचशील तेव्हा त्या यंत्रातून बाहेर आलेली असशील आणि तिसऱ्या टप्प्याच्या यादीत दुसऱ्या कुणाचं नाव असेल. आत काय दिसलं ते मला माहीत नाही. काहीच दिसलं नसेल तर तीन वर्षं कपडे वाळत घालून मिळवलेले तुझे दहा किलोमीटर मी एका फोनवर घालवले, आणि त्याला माझ्याकडे भरपाई नाही. सावाकोच्या वेळी मी मान डोलवली होती. या वेळी तुझा विश्वास मोडला. दोन्हीतलं एकच करता येत होतं. तू आता मला लिहिणार नाहीस, ठीक आहे. पण मी संत्र्यांचा हंगाम संपेपर्यंत इथून हलणार नाही, आयुष्यात पहिल्यांदाच पत्ता कायम ठेवतोय. बंदरापासून शेडपर्यंत चढ आहे, पाऊण तासाचा. पाय बरा झाला की तो चढ चालत ये, आणि द्यायच्या त्या शिव्या माझ्या तोंडावर दे.

पळून न गेलेला, तुझाच
रिंतारो